कॅल्शियम फ्लोराइड : निवड, वापर आणि खबरदारी

कॅल्शियम आणि फ्लोरीन या दोन मूलद्रव्यांपासून बनलेले कॅल्शियम फ्लोराइड हे असेंद्रिय संयुग निसर्गात ज्या खनिजाच्या रूपाने सापडते, त्याला खनिजशास्त्रात फ्लोराइट आणि बाजारात फ्लोरस्पार किंवा नुसते ‘स्पार’ म्हणतात. बीड वितळवणारा फाउंड्रीचालक, कारखान्याच्या सांडपाण्याची जबाबदारी असलेला रसायन अभियंता, अवरक्त वर्णपटमापक हाताळणारा संशोधक विद्यार्थी आणि आकाशदर्शनासाठी दुर्बीण घेऊ पाहणारा हौशी निरीक्षक, या सर्वांचा संबंध याच एका पदार्थाशी येतो. मात्र प्रत्येकाच्या हाती तो वेगळ्या रूपात, वेगळ्या शुद्धतेचा आणि वेगळ्या किमतीचा पडतो. त्यामुळे ‘माल किती टक्के शुद्ध?’ एवढाच प्रश्न विचारून खरेदी करणाऱ्यांची फसगत होते. उरलेल्या टक्क्यांत नेमके काय आहे आणि आपल्या कामाला त्यातले काय बाधते, याची चौकशी शुद्धतेच्या आकड्याइतकीच, किंबहुना काही वेळा त्याहून अधिक, महत्त्वाची असते.

शुद्ध कॅल्शियम फ्लोराइड रंगहीन असते. त्याचा रेणुभार सुमारे ७८ असून वजनाने त्यात ५१.३ टक्के कॅल्शियम आणि ४८.७ टक्के फ्लोरीन असते. घनता दर घन सेंटिमीटरला ३.१८ ग्रॅम, म्हणजे गारगोटीपेक्षा बरीच जास्त, आणि वितळणबिंदू १४०० अंश सेल्सिअसच्या थोडा वर असतो. त्याच्या स्फटिकात प्रत्येक कॅल्शियम आयनाभोवती आठ फ्लोराइड आयन घनाच्या कोपऱ्यांवर असतात, तर प्रत्येक फ्लोराइड आयनाभोवती चार कॅल्शियम आयन असतात. ही मांडणी इतर अनेक संयुगांतही आढळते आणि रसायनशास्त्राच्या पुस्तकांत तिला फ्लोराइट संरचना असेच नाव आहे. या मांडणीमुळे स्फटिक घनाकृती वाढतो, पण फुटताना मात्र चार ठराविक दिशांना सपाट पृष्ठे देत फुटतो आणि नीट फोडल्यास अष्टफलकाचा आकार धारण करतो. ठराविक प्रतलांना समांतर फुटण्याच्या या गुणाला पाटन म्हणतात. पाटन परिपूर्ण असणे हे खनिज ओळखणाऱ्याच्या सोयीचे आहे, परंतु याच पदार्थाचे भिंग घासणाऱ्या कारागिराची तेच डोकेदुखी ठरते.

ओळख पटवण्यासाठी महागड्या उपकरणांची गरज सहसा पडत नाही. मोस यांच्या कठिनता श्रेणीत फ्लोराइट चौथ्या क्रमांकाचे मानक खनिज आहे, म्हणजे पोलादी चाकूने त्यावर ओरखडा उठतो, पण ते स्वतः कॅल्साइटवर ओरखडा काढू शकते. गारगोटीची कठिनता ७ असल्याने तिच्यावर चाकू चालत नाही. कॅल्साइटवर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकताच फेस येतो, फ्लोराइटवर येत नाही. ओरखडा, थेंब आणि हाताला जाणवणारे वजन या तीन कसोट्यांनी बहुतेक शंका मिटतात. रंगावर मात्र विसंबू नये, कारण जांभळा, हिरवा, पिवळा, निळा असे जवळजवळ सर्व रंग या खनिजात आढळतात आणि ते सूक्ष्म अशुद्धींमुळे किंवा स्फटिकातील दोषांमुळे येतात. हिरवे फ्लोराइट पन्ना समजून आणि जांभळे फ्लोराइट ॲमेथिस्ट समजून घेतले जाण्याचा धोका त्यातूनच उद्भवतो. अंगठीत किंवा कड्यात बसवलेला असा खडा रोजच्या वापरात, धुळीतील गारगोटीच्या कणांनीही, काही काळातच निस्तेज होतो.

फ्लोराइटचे अनेक नमुने अतिनील किरणांत निळसर प्रकाश देतात. १८५२ साली जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी या आविष्काराला ‘फ्लुओरेसन्स’ हे जे नाव दिले ते याच खनिजावरून घेतलेले आहे. काही नमुने अंधारात तापवले असताही मंद उजळतात. हा प्रयोग करताना डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच, कारण तापलेले तुकडे तडतडून उडतात. जर्मनीतील व्योल्सेनडॉर्फ येथील गडद जांभळे फ्लोराइट कुटले असता एक उग्र वास येतो, आणि तो खनिजात अडकलेल्या मुक्त फ्लोरीन वायूचा आहे हे म्युनिकच्या संशोधकांनी २०१२ साली दाखवून दिले. व्यवहारात याचा उपयोग नाही, पण फ्लोरीन निसर्गात मुक्त स्वरूपात असूच शकत नाही हे जुने विधान त्यामुळे दुरुस्त करावे लागले.

भारतातील फ्लोराइटचा सर्वांत परिचित साठा गुजरातच्या छोटा उदेपूर जिल्ह्यातील आंबाडुंगर येथे आहे. तेथील कार्बोनेटयुक्त अग्निज खडक दख्खनच्या लाव्हा उद्रेकांशी निगडित मानले जातात. राजस्थान आणि छत्तीसगडमध्येही साठे आहेत. महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावचा साठा खनिज सर्वेक्षणाच्या नोंदींत येतो. तरीही देशाची मोठी गरज आयातीवर भागते आणि जागतिक उत्पादनात चीनचा वाटा सर्वांत मोठा आहे. संग्राहकांच्या दृष्टीने नाशिक जिल्ह्याचे नाव वेगळ्याच कारणाने घेतले जाते: सिन्नरजवळच्या मोहदरी परिसरातील बेसॉल्टच्या पोकळ्यांत गारगोटीच्या बारीक स्फटिकांवर पिवळसर फ्लोराइटचे गोल मणी वाढलेले सापडले. घनाकृती खनिजाचे असे गोलाकार रूप दुर्मीळ असल्याने हे नमुने जगभरच्या संग्रहांत पोहोचले. असा नमुना घरी असलेल्याने तो आम्लात बुडवून ‘स्वच्छ’ करण्याच्या फंदात पडू नये. कोमट पाणी आणि मऊ ब्रश पुरेसा असतो.

या संयुगाचा व्यवहारातील सर्वांत महत्त्वाचा गुण म्हणजे त्याची अत्यल्प द्राव्यता. सामान्य तापमानाला एक लिटर शुद्ध पाण्यात ते जेमतेम १६ मिलिग्रॅम विरघळते. हा आकडा लहान वाटतो खरा, पण त्यातील फ्लोराइडचा हिस्सा सुमारे ८ मिलिग्रॅम येतो, आणि भारतीय मानक ब्यूरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकानुसार फ्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा दर लिटरला १ मिलिग्रॅम, तर पर्यायी स्रोत नसल्यास कमाल १.५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे ‘न विरघळणारे’ म्हणून ज्याची गणना होते तो पदार्थदेखील पाण्याला पिण्यास अयोग्य करण्याइतका विरघळतो. सांडपाण्याचे गणित, भूजलातील फ्लोराइडचा प्रश्न आणि टूथपेस्टची घडण या तिन्ही गोष्टी याच एका आकड्याभोवती फिरतात, म्हणून त्याकडे थोडे बारकाईने पाहिले पाहिजे.

ज्या कारखान्यांत हायड्रोफ्लोरिक आम्लाने काच कोरली जाते, स्टेनलेस पोलाद स्वच्छ केले जाते किंवा फ्लोरीनयुक्त रसायने बनतात, तेथील सांडपाण्यात फ्लोराइड मोठ्या प्रमाणात असते, आणि ते काढण्याचा रुळलेला मार्ग म्हणजे पाण्यात विरलेला चुना मिसळून कॅल्शियम फ्लोराइडचा साका पाडणे. समजा, १००० लिटर सांडपाण्यात दर लिटरला ५०० मिलिग्रॅम फ्लोराइड आहे. तर त्यात एकूण अर्धा किलो फ्लोराइड असून ते बांधण्यासाठी हिशेबाने सुमारे ९७५ ग्रॅम शुद्ध विरलेला चुना लागेल आणि कोरडा धरल्यास एक किलोच्या आसपास साका तयार होईल. प्रत्यक्षात बाजारचा चुना शुद्ध नसतो, आम्ल उदासीन करण्यातही तो खर्च होतो, त्यामुळे मात्रा वाढवूनच धरावी लागते. जादा कॅल्शियम वाया जाते असे मात्र नाही. द्रावणात कॅल्शियमचे आयन जितके अधिक, तितके फ्लोराइड कमी विरघळू शकते. यालाच समआयन परिणाम म्हणतात. लिटरमागे २०० मिलिग्रॅम कॅल्शियम शिल्लक ठेवल्यास कागदावरच्या गणिताने फ्लोराइड दीड मिलिग्रॅमच्या आसपास उतरायला हवे.

परंतु कागदावरचे हे गणित टाकीत क्वचितच उतरते. साक्याचे कण अतिशय बारीक असतात आणि ते खाली न बसता पाण्यात तरंगत राहतात. पाण्यात ॲल्युमिनियम, सिलिका किंवा बोरॉन असल्यास त्यांच्याशी संयुक्त झालेले फ्लोराइड कॅल्शियमच्या हाती लागत नाही. शिवाय इतर क्षारांची गर्दी द्राव्यता वाढवते. म्हणून केवळ चुन्यावर चालणाऱ्या टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात दर लिटरला १० ते २० मिलिग्रॅम फ्लोराइड राहणे ही नेहमीची गोष्ट आहे, आणि नदीनाल्यांत सोडण्याच्या पाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा २ मिलिग्रॅमची आहे. ही दरी भरून काढण्यासाठी दुसरा टप्पा लागतो. पहिल्या टाकीत चुन्याने, किंवा सामू फार वाढू द्यायचा नसल्यास कॅल्शियम क्लोराइडने, बहुतांश फ्लोराइड साक्यात उतरवावे, साका पुरेसा वेळ बसू द्यावा, आणि मग वरच्या पाण्यात तुरटी घालून ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडच्या पुंजक्यांवर उरलेले फ्लोराइड धरावे. पहिल्या टाकीतील जुन्या साक्याचा काही भाग परत फिरवून नव्या पाण्यात मिसळल्यास नवे कण त्यावर वाढतात आणि लवकर बसतात. खर्च जवळजवळ काहीच नसलेला हा उपाय अनेक ठिकाणी वापरलाच जात नाही, हे आश्चर्याचे आहे.

पिण्याच्या पाण्यासाठी नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजेच नीरीने, विकसित केलेल्या नलगोंडा पद्धतीत चुन्याबरोबर तुरटी का वापरतात, याचेही उत्तर येथेच मिळते. एकट्या चुन्याने फ्लोराइड ८ मिलिग्रॅमच्या आसपास अडून राहील; खरे काम तुरटीपासून बनणारे पुंजके करतात आणि चुना सामू राखून पुंजके लवकर बसण्यास मदत करतो. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत भूजलातील फ्लोराइड मर्यादेपेक्षा अधिक आढळले आहे. ज्या खडकांत फ्लोराइट, ॲपेटाइट, अभ्रक अशी फ्लोरीनधारी खनिजे असतात आणि पाण्यात कॅल्शियम कमी व सोडियम बायकार्बोनेट अधिक असते, तेथे फ्लोराइडला अडवणारे कॅल्शियमच नसल्याने ते वाढत जाते. अशा गावातील कुटुंबांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते, साध्या कापडाने, कँडल फिल्टरने किंवा क्लोरीनच्या गोळीनेही ते जात नाही. पाण्याची तपासणी, आणि गरजेनुसार सक्रिय ॲल्युमिना किंवा आरओ यांसारखी यंत्रणा, हाच मार्ग उरतो.

टूथपेस्टमध्ये हीच अल्प द्राव्यता अडचण ठरते. स्वस्त आणि सौम्य घासणद्रव्य म्हणून पेस्टमध्ये खडूची भुकटी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, घालतात. तिच्याबरोबर सोडियम फ्लोराइड घातले तर नळीतच कॅल्शियम फ्लोराइड तयार होऊन फ्लोराइड अडकून पडते आणि दातांना त्याचा उपयोग होत नाही. म्हणून खडूच्या पेस्टमध्ये सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट वापरतात, ज्यातील फ्लोराइड फॉस्फेटशी बांधलेले असल्याने कॅल्शियमच्या तावडीत सहजी सापडत नाही. सिलिकाच्या पेस्टमध्ये मात्र सोडियम फ्लोराइड चालते. वेष्टनावरील घटकांची यादी वाचताना ही जोडी जुळते का, हे पाहता येते. भारतात टूथपेस्टमधील फ्लोराइडला दहा लाख भागांत १००० भाग अशी कमाल मर्यादा आहे. दंतवैद्य दातांवर फ्लोराइडचा लेप देतात तेव्हा दंतवल्कावर कॅल्शियम फ्लोराइडसारखे सूक्ष्म कण साचतात. तोंडात आम्लता वाढली की ते विरघळून फ्लोराइड पुरवतात. लेपानंतर काही वेळ खाऊ-पिऊ नये ही सूचना म्हणूनच गांभीर्याने पाळावी.

औद्योगिक खरेदीत फ्लोरस्पारच्या तीन प्रती मानतात. कॅल्शियम फ्लोराइडचे प्रमाण ९७ टक्के किंवा अधिक असलेला माल आम्लप्रतीचा, साधारण ८५ ते ९६ टक्क्यांचा काच व एनॅमलसाठीचा, आणि त्याखालचा, बहुधा ६० ते ८५ टक्क्यांचा, धातुकामाचा. पहिल्या प्रतीपासून हायड्रोफ्लोरिक आम्ल बनते: बारीक दळलेला स्पार आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल फिरत्या भट्टीत २०० अंशांच्या वर तापवले की हायड्रोजन फ्लोराइड वायू बाहेर पडतो आणि कॅल्शियम सल्फेट मागे राहते. १७७१ मध्ये रसायनशास्त्रज्ञ शेले यांनी हीच अभिक्रिया काचेच्या पात्रात केली आणि पात्र कोरले गेले. एक टन हायड्रोजन फ्लोराइडसाठी हिशेबाने १.९५ टन शुद्ध कॅल्शियम फ्लोराइड लागते, प्रत्यक्षात त्याहून अधिक. शीतकद्रव्ये, फ्लोरोपॉलिमर, ॲल्युमिनियम उद्योगाला लागणारे ॲल्युमिनियम फ्लोराइड आणि लिथियम बॅटरीतील विद्युतअपघटनी क्षार या सर्वांची सुरुवात या भट्टीपाशी होते.

येथे सिलिकाचा हिशेब निर्णायक ठरतो. स्पारमधील वाळू किंवा गारगोटी तयार झालेल्या हायड्रोजन फ्लोराइडशी अभिक्रिया करून सिलिकॉन टेट्राफ्लोराइड वायू बनवते. ६० ग्रॅम सिलिका ८० ग्रॅम हायड्रोजन फ्लोराइड खाऊन टाकते, म्हणजे मालातील एक किलो सिलिका सुमारे २.६ किलो कॅल्शियम फ्लोराइड निरुपयोगी करते. धातुकामाच्या मालातही हाच विचार वेगळ्या रूपाने येतो आणि तेथे परिणामी प्रमाण काढण्याचा रूढ नियम असा आहे की, कॅल्शियम फ्लोराइडच्या टक्क्यांतून सिलिकाच्या टक्क्यांची अडीच पट वजा करावी. ८५ टक्के फ्लोराइड आणि ५ टक्के सिलिका असलेल्या मालाचे परिणामी प्रमाण ७२.५ टक्के येते. ८० टक्के फ्लोराइड आणि २ टक्के सिलिका असलेल्या मालाचे ७५. कागदावर कमी शुद्ध दिसणारा दुसरा माल अशा वेळी अधिक उपयोगी असतो आणि बहुधा स्वस्तही मिळतो. कार्बोनेट असल्यास ते सल्फ्युरिक आम्ल वाया घालवते आणि फेस आणते. सल्फाइड असल्यास गंधक सुटून वायुनलिका चोंदतात. आम्लप्रतीचा माल धूळ उडू नये म्हणून बरेचदा दहा टक्क्यांच्या आसपास ओलाव्यासह पाठवला जातो, म्हणून दर कोरड्या वजनावर ठरला आहे की ओल्या, हे मागणीपत्रातच लिहून घ्यावे; अन्यथा प्रत्येक टनामागे शंभर किलो पाण्याचे पैसे मोजले जातात.

पोलाद आणि बीड यांच्या भट्टीत स्पारचे काम मळी पातळ करण्याचे आहे. धातू वितळताना त्यावर तरंगणाऱ्या अशुद्धींच्या थराला मळी किंवा स्लॅग म्हणतात, आणि ती घट्ट राहिली तर धातूतील गंधक व फॉस्फरस तिच्यात नीट शिरत नाहीत, शिवाय ती काढणेही जिकिरीचे होते. फ्लोराइड आयन मळीतील सिलिकेटांची लांब जाळी तोडतात आणि चुन्याचा वितळणबिंदू खाली आणतात, त्यामुळे थोड्याच मात्रेत मळी वाहती होते. कुपोला भट्टीत मुख्य फ्लक्स चुनखडीच असावा आणि स्पार तिच्या मानाने अगदी थोडा वापरावा. कोल्हापूरसारख्या ओतकामाच्या केंद्रांत या व्यवसायातील माणसांना हे ठाऊक असते, तरीही मळी अडली की फावडेभर स्पार टाकण्याचा मोह सुटत नाही. अति पातळ मळी भट्टीच्या अस्तराच्या विटा खाते, अस्तर लवकर बदलावे लागते आणि सिलिकाशी अभिक्रिया होऊन फ्लोरीनयुक्त वायू धुराड्यातून बाहेर पडतो. मळी वारंवार घट्ट होत असेल तर आधी कोकची राख, भंगाराला चिकटलेली वाळू आणि चुनखडीची प्रत तपासावी. स्पार वाढवणे हा शेवटचा उपाय समजावा. विशेष पोलादांच्या विद्युत-मळी पुनर्वितळण प्रक्रियेत मात्र चित्र उलटे असते आणि मळीत ७० टक्क्यांपर्यंत कॅल्शियम फ्लोराइडच असते.

वेल्डिंगच्या लो-हायड्रोजन रॉडच्या लेपातही कॅल्शियम कार्बोनेटबरोबर कॅल्शियम फ्लोराइड असते. ते मळी पातळ ठेवते आणि जोडात हायड्रोजन शिरू देत नाही, त्यामुळे जाड व उच्च ताकदीच्या पोलादाच्या जोडात नंतर उद्भवणाऱ्या तड्यांना आळा बसतो. मात्र लेपाने हवेतील ओलावा शोषला तर हा सगळा फायदा वाया जातो. पावसाळ्यात उघडे पडलेले रॉड थेट वापरू नयेत. उत्पादकाने वेष्टनावर दिलेल्या सूचनेप्रमाणे, सामान्यतः ३०० ते ३५० अंशांवर तास-दोन तास, भाजून घ्यावेत आणि वापरेपर्यंत गरम पेटीत ठेवावेत. या रॉडच्या धुरात फ्लोराइड असल्याने बंदिस्त टाकीत किंवा पाइपात काम करताना धूर ओढून घेणारा पंखा आवश्यक आहे.

प्रकाशशास्त्रात याच पदार्थाला वेगळीच प्रतिष्ठा आहे. कॅल्शियम फ्लोराइडचा अपवर्तनांक फक्त १.४३४ आहे, रंगांचे अपस्करण फार कमी आहे, आणि ०.१३ मायक्रोमीटरच्या अतिनील किरणांपासून सुमारे ९ मायक्रोमीटरच्या अवरक्त किरणांपर्यंत ते पारदर्शक राहते. अर्न्स्ट ॲबे यांनी १८८६ च्या सुमारास सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांत नैसर्गिक फ्लोराइट वापरून प्रतिमेभोवतीच्या रंगीत कडा जवळजवळ नाहीशा केल्या, पण निर्दोष मोठे स्फटिक निसर्गात दुर्मीळ असल्याने हा मार्ग पुढे अडला. निर्वात भट्टीत वितळवलेला पदार्थ सावकाश थंड करून मोठे स्फटिक वाढवण्याची पद्धत विकसित झाल्यावर तो खुला झाला, आणि १९६९ मध्ये कॅननने कृत्रिम फ्लोराइटचे भिंग असलेली कॅमेरा लेन्स बाजारात आणली. दुर्बीण घेणाऱ्याने ‘फ्लोराइट’ आणि ‘ईडी काच’ या दोन गोष्टी एकच समजू नयेत. पहिला खरा स्फटिक आहे, दुसरी फ्लोराइडयुक्त किंवा तत्सम काच. आजच्या चांगल्या ईडी काचेचे भिंग नीट घडवलेले असेल तर सामान्य निरीक्षकाला फरक कळणे कठीण असते, म्हणून केवळ नावासाठी दुप्पट किंमत मोजण्यात शहाणपण नाही.

स्फटिकाचे भिंग किंवा खिडकी हाताळताना त्याचे दोन दोष ध्यानी ठेवावेत: ते मऊ आहे, आणि तापमान बदलले की नेहमीच्या प्रकाशीय काचेच्या अडीच पटींहून अधिक प्रसरण पावते. गरम पाण्याखाली धरलेली किंवा वातानुकूलित खोलीतून एकदम उन्हात नेलेली खिडकी तडकू शकते. प्रयोगशाळेत पाण्याच्या नमुन्यांचा अवरक्त वर्णपट घेण्यासाठी ही खिडकी उत्तम, कारण पोटॅशियम ब्रोमाइडची खिडकी पाण्यात विरघळते आणि ही टिकते. पण ९ मायक्रोमीटरच्या पलीकडची, म्हणजे दर सेंटिमीटरला सुमारे ११०० तरंगांखालची, माहिती हवी असल्यास ती निरुपयोगी आहे. तीव्र आम्ले आणि अमोनियमचे क्षार तिच्यावर घालू नयेत. वापरानंतर आधी हवेने धूळ उडवून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन, मगच लेन्सचा कागद एकाच दिशेने हलकेच फिरवावा. कोरड्या कापडाने घासलेल्या खिडकीवर उठलेले ओरखडे पुन्हा जात नाहीत.

आरोग्याचा विचार करता घन कॅल्शियम फ्लोराइड फारसे विषारी नाही, कारण ते फारच कमी विरघळते. त्याची धूळ मात्र वर्षानुवर्षे फुप्फुसांत आणि पोटात जाऊ देणे घातक आहे. तिच्यात सिलिका असल्यास सिलिकोसिसचा धोका असतो आणि शोषलेले फ्लोराइड हाडांत साचते. न्यूफाउंडलंडमधील सेंट लॉरेन्सच्या फ्लोरस्पार खाणींत पाण्याबरोबर येणाऱ्या रेडॉन वायूमुळे अनेक कामगार फुप्फुसाच्या कर्करोगाने दगावले, म्हणजे तेथे धोका खनिजाचा नसून खाणीतील हवेचा होता. दळण्याच्या आणि पोती रिकामी करण्याच्या जागी धूळ ओढणारी यंत्रणा आणि योग्य प्रतीचा मास्क, नुसता रुमाल नव्हे, असला पाहिजे.

खरा धोका आम्लाशी गाठ पडल्यावर निर्माण होतो. स्पार आणि सल्फ्युरिक आम्ल एकाच कपाटात, एकाच गोदामात शेजारी ठेवू नये, आणि शेले यांचा प्रयोग शाळा-महाविद्यालयात ‘करून दाखवू’ नये. त्यातून निघणारे हायड्रोफ्लोरिक आम्ल काच खाते, म्हणून ते पॉलिइथिलीनच्या बाटलीतच ठेवतात. ते त्वचेतून आत शिरते आणि विरल असल्यास वेदना काही तासांनी सुरू होते, तोपर्यंत फ्लोराइड शरीरातील कॅल्शियम बांधत जाते आणि त्याने हृदयाची लयही बिघडू शकते. यावरचा प्रथमोपचार या लेखातील साऱ्या रसायनशास्त्राला धरूनच आहे: त्वचेवर कॅल्शियम पुरवायचे, म्हणजे फ्लोराइड पुढे जाण्याऐवजी न विरघळणाऱ्या कॅल्शियम फ्लोराइडच्या रूपात जागीच थांबते. आम्लाचा स्पर्श होताच कपडे काढून भरपूर वाहत्या पाण्याने धुवावे, हातमोजे घालून २.५ टक्क्यांचे कॅल्शियम ग्लुकोनेट जेल पुन्हा पुन्हा चोळावे आणि दुखत नसले तरी रुग्णाला रुग्णालयात न्यावे. डॉक्टरांना ‘हायड्रोफ्लोरिक आम्ल’ हे नाव स्पष्ट सांगावे. ज्या कारखान्यात किंवा प्रयोगशाळेत हे आम्ल बनते वा वापरले जाते, तेथील जबाबदार व्यक्तीने प्रथमोपचाराच्या पेटीतील जेलच्या नळीवरची मुदत आजच तपासावी.